वासाच्या मागावर एक दिवस

पहाटे ५:१०

कळव्याचा पूल ओलांडला की रिक्षावाले दादा ठरलेलं वाक्य बोलतात, "मॅडम, आधी गॅस भरून घेतो." माजिवड्याच्या पंपावर या वेळीही रांग असते. गॅस भरताना प्रवाशाने उतरायचं असतं, म्हणून मी बाजूला उभी राहते. रांगेत सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो, "प्रेशर आहे का?" गाडीच्या टाकीत सीएनजी २०० बार दाबाने भरतात. गाड्या एकामागून एक लागल्या की पंपावरच्या साठ्याचा दाब उतरतो, कंप्रेसर मागे पडतो आणि टाकी अर्धवट भरते. पहाटे भरण्याचं कारणही रिक्षावाल्यांना कुणी शिकवावं लागत नाही. भराभर भरताना टाकीत गॅस तापतो, तापला की फुगतो आणि तेवढ्याच दाबाला वजनाने कमी मावतो. गारव्यात भरला की एखादी फेरी जास्त निघते.

शहराच्या हवेला या रिक्षांचा फायदा झाला, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने जुलै १९९८ मध्ये बसगाड्या सीएनजीवर आणायला लावल्या, मुंबईतही उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर जुन्या टॅक्स्या बदलल्या. भेसळीच्या इंधनावर चालणाऱ्या रिक्षांमागे उभं राहून ज्यांनी खोकला काढला आहे, त्यांना फरक विचारा. काजळी जवळजवळ गेली. नायट्रोजनची ऑक्साइडं मात्र राहिली, आणि न जळता धुराड्यातून निसटणारा थोडा मिथेनही.

सकाळी ६:००

शिफ्ट बदलते. मी शहराच्या गॅस वितरणात देखभाल विभागाची अभियंता आहे, माझ्याकडे पहिली पाळी आणि आणीबाणीची गाडी असते. नियंत्रण कक्षात रात्रपाळीचा माणूस वही पुढे करतो. रात्री वासाच्या दोन तक्रारी होत्या, दोन्ही मिटल्या. वर्तकनगरच्या एका व्हॉल्व्ह चेंबरमध्ये पाणी साचलंय. पडद्यावर एकेका स्टेशनचा दाब दिसतो. मोठ्या पोलादी वाहिनीतून गॅस शहराच्या वेशीवरच्या सिटी गेट स्टेशनला येतो, तिथून पायरीपायरीने दाब उतरत जातो. रस्त्याखालच्या पिवळ्या पीई (पॉलिइथिलीन) पाईपमध्ये तो चार बारपर्यंत असतो आणि स्वयंपाकघरात पोचेस्तोवर २१ मिलिबार, म्हणजे हवेच्या दाबापेक्षा जेमतेम दोन टक्के जास्त.

हा गॅस येतो दोन वाटांनी. एक वाट आपली आहे. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या खोदणाऱ्या यंत्राने मुंबईपासून दीडेकशे किलोमीटरवर समुद्रात तेल शोधलं, ते बॉम्बे हाय. तिथला आणि वसईच्या समुद्रातला गॅस समुद्रतळाच्या वाहिन्यांनी उरणला आणि हजिऱ्याला किनाऱ्यावर येतो. दुसरी वाट परदेशातून येते. उणे १६२ अंशांपर्यंत थंड केला की गॅसचा द्रव होतो आणि आकार सहाशे पटींनी घटतो. मग तो जहाजांतून कतारसारख्या देशांमधून दहेजला, हजिऱ्याला, आपल्या दाभोळला उतरतो. देशात वापरला जाणारा साधारण निम्मा गॅस असा बाहेरून येतो.

उपजत गॅसला वासच नसतो. १८ मार्च १९३७ ला अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात न्यू लंडन गावच्या शाळेत तळघरात गॅस साचला, कुणाला कळलं नाही, एक ठिणगी पडली आणि तीनशेच्या आसपास माणसं गेली, बहुतेक मुलं. त्यानंतर वास मिसळण्याचे कायदे झाले. आज सिटी गेट स्टेशनवर मर्कॅप्टनचे थेंब सोडतात, तोच तो सडक्या कोबीसारखा वास. त्या मुलांचा विचार केल्याशिवाय मला त्या मिसळणाऱ्या पंपाची तपासणी करता येत नाही.

सकाळी ७:३०

पेट्रोलिंग. बरोबर एक ज्येष्ठ फिटर आहेत, त्यांना सगळे दादाच म्हणतात. त्यांच्या हातात गॅस शोधणारं यंत्र, माझ्या हातात नकाशा. पाईपच्या रेषेवरून चालायचं. खांबांवरच्या पिवळ्या पाट्या आणि जमिनीतले खुणेचे दगड जागेवर आहेत का पाहायचं. चेंबरची झाकणं, गटारांची जाळी, झाडांची आळी इथे यंत्राचं नाक लावायचं. एखाद्या ठिकाणी गवताचा तेवढाच पट्टा वाळलेला दिसला की दादा थांबतात. मातीत मुरलेला गॅस तिथली हवा हाकलतो आणि मुळं गुदमरतात.

पावसाळ्यात हे काम सोपं, डबक्यात बुडबुडे दिसतात. आत्ता मे महिन्याचा शेवटचा आठवडा आहे, सगळं कोरडं. त्यात रस्ते सिमेंटचे झाले. मिथेन हवेहून हलका, मोकळ्या जागी तो सरळ वर निघून जातो, पण वर काँक्रीट असलं की आडवा सरकतो. केबलच्या नळीतून, जुन्या गटारातून वाट काढत गळतीच्या जागेपासून दूर कुठेतरी वर येतो. हवेत त्याचं प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या मध्ये असलं तरच तो पेटतो. बंद तळघरात हा आकडा गाठला जाऊ शकतो. म्हणून यंत्रावरचे आकडे वाचताना आमचं सगळं लक्ष आजूबाजूला तळघर आहे का, गटार कुठे जातं, याकडे असतं.

आज कोलशेत रोडवर एका व्हॉल्व्हच्या मानेपाशी काटा किंचित हलला. दादांनी साबणाचं पाणी ओतलं, बारीक फेस आला. उघड्यावरची गळती, जवळ इमारत नाही. नियमाप्रमाणे ही धोक्याची नाही, दुरुस्तीची तारीख पडेल. तारीख पडेल, या दोन शब्दांवर माझा आक्षेप आहे आणि मी तो दरवेळी नोंदवते.

हिशोब साधा आहे. एक किलो मिथेन जाळला तर पावणेतीन किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तोच किलो न जाळता हवेत सुटला, तर पुढच्या वीस वर्षांत तो तितक्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून जास्त उष्णता अडवून धरतो. शंभर वर्षांचा हिशोब केला तर ३० पट, कारण मिथेन साधारण बारा वर्षांत विरत जातो. वीस वर्षांच्या मापाने पाहिलं तर एक किलो गळणं म्हणजे तीस किलो जाळण्याइतकं झालं. रिक्षाच्या टाकीत चारेक किलो मावतो. म्हणजे सात-आठ रिक्षांनी भरलेल्या टाक्या संपवाव्यात, तेवढं नुकसान एका गळलेल्या किलोने होतं. माणसाच्या जिवाला धोका नाही, हे खरं. आकाशाला आहे.

व्हॉल्व्हच्या मानेचं पॅकिंग आवळायला अर्धा तास लागला. आवळलं.

सकाळी ९:१५

नौपाड्यातली जुनी इमारत, दुसरा मजला. फोन शेजारणीने केला होता. दार उघडलं आजींनी.

"अगं मला तर काही वास येत नाही. हिलाच येतो."

"आजी, दिव्याच्या बटणाला हात लावू नका. खिडकी उघडते मी."

म्हाताऱ्या माणसांचं नाक मंदावतं, आणि आमची सगळी सुरक्षा नाकावर उभी आहे. दादांनी मीटरजवळचा कॉक बंद केला. मीटर होता ट्रॉलीच्या मागे, बंद कप्प्यात, आणि त्याच कप्प्यात शेगडीची रबरी नळी वाकून दुमडलेली. नळीवर छापलेली मुदत कधीच उलटून गेलेली. जोडावर साबणाचं पाणी लावताच बुडबुडे आले. नळी बदलली, क्लॅम्प नवा लावला, पुन्हा साबण, बुडबुडा नाही. शेगडी पेटवून पाहिली तर ज्योत अगदी बारीक. आजी म्हणाल्या, पूर्वीची सिलिंडरचीच शेगडी आहे. जोडणी देताना बदललेला जेट मधे कुणीतरी दुरुस्तीत पुन्हा जुना बसवला होता. सिलिंडरच्या गॅसचा आणि नळाच्या गॅसचा दाब वेगळा, लागणारी हवा वेगळी, त्यामुळे जेटचं भोक वेगळं. जेट बदलला, ज्योत निळी आणि भरीव झाली.

स्वयंपाकघराला खिडकी होती, पण बाल्कनी काचा लावून बंद केलेली. निळ्या ज्योतीतूनही नायट्रोजन डायऑक्साइड निघतो आणि दमेकऱ्याला तो बाधतो. चुलीच्या धुराशी याची तुलना होऊच शकत नाही, चुलीने आपल्या आज्या-पणज्यांची फुप्फुसं जाळली. पण नळाचा गॅस आला म्हणून खिडकी बंद करावी असं नाही. आजींना सांगितलं, स्वयंपाक करताना काच सरकवा, पंखा लावा. आणि मुलाला सांगून गॅसचा अलार्म बसवून घ्या. निघताना त्यांनी दादांच्या हातावर खोबऱ्याची वडी ठेवली.

सकाळी १०:५०

फोन: "मॅडम, जेसीबीने लाईन फोडली. आवाज येतोय."

गाडीत बसतानाच नियंत्रण कक्षाला व्हॉल्व्ह शोधायला सांगितलं. मे अखेर हा आमचा सगळ्यात वाईट काळ. पावसाच्या आत गटारं, केबल, पाण्याच्या लाइनी उरकायच्या म्हणून ठेकेदार दिवसरात्र खोदतात. शहरातल्या वाहिन्या गंजून किंवा जुन्या होऊन फुटतील याहून अधिक भीती मला जेसीबीच्या दातांची वाटते.

वळणावरूनच वास आला. मग आवाज, कानठळ्या बसवणारी शीळ. खड्ड्यातून धूळ उडत होती. जेसीबीचा चालक, विशीतला पोरगा, खाली उतरून लांब उभा होता आणि यंत्राचं इंजिन तसंच धडधडत होतं. दादा ओरडले, "चावी काढ! आधी चावी काढ!" तापलेलं इंजिन म्हणजे ठिणगीचं घर. चालकाने धावत जाऊन इंजिन बंद केलं. मी दुसऱ्या बाजूला पळाले. तिथे मिसळीची गाडी, शेगडी पेटलेली. "काका, शेगडी विझवा, आणि गाडी सोडून मागे व्हा." काकांनी एक अक्षर न बोलता विझवली. लोक मोबाइलवर चित्रीकरण करत होते, त्यांना हटवायला ट्रॅफिक पोलिसाने मदत केली. अग्निशमन दलाची गाडी आली, पाण्याचा फवारा तयार ठेवला.

फुटला होता तो पीई पाईप, इमारतींच्या रांगेला गॅस देणारा. व्हॉल्व्ह बंद केला असता तर मोठा भाग बंद पडला असता, म्हणून फुटीच्या दोन्ही बाजूंना खड्डा खणून पाईप दाबायचा ठरला. याला आम्ही स्क्वीझ म्हणतो. हाताने खोदायचं, फावड्याने, तेही गॅसच्या झोतापासून बाजूला. पाईप उघडा झाला की दादांनी त्यावर ओली गोणपाटं गुंडाळली आणि त्यांचं टोक ओल्या मातीत दाबलं. प्लास्टिकच्या पाईपमधून वेगाने गॅस आणि धूळ धावली की त्यावर स्थिर वीज साचते, कोरड्या हाताने स्पर्श केला तरी ठिणगी उडू शकते. मग स्क्वीझर चढवला आणि दोघांनी स्क्रू आवळायला सुरुवात केली. शीळ बारीक होत गेली, थांबली. आणि मला पहिल्यांदा जाणवलं की माझे हात थरथरताहेत.

ठेकेदाराचा मुकादम म्हणत होता, "इथे लाइन आहे हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही." खुणेचा दगड चार फुटांवर होता. पाईपच्या वर अंथरलेली पिवळी इशाऱ्याची पट्टी खोदलेल्या मातीतच पडली होती, म्हणजे ती दिसल्यावरही दात खाली गेले. केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचं ॲप सुरू केलं आहे. खोदण्याआधी त्यावर जागा टाकली की खालच्या वाहिन्यांच्या मालकांना निरोप जातो आणि आमचा माणूस येऊन रेषा आखून देतो. आखणीला एक सकाळ लागते. त्या पोराला दोष देऊन मी काय करू? त्याला फुटावर पैसे मिळतात आणि नकाशा त्याने आयुष्यात पाहिलेला नाही. दोष त्याला खड्ड्यापाशी उभं करणाऱ्याचा आहे.

जोडणी इलेक्ट्रोफ्यूजनची. फुटलेला तुकडा कापून काढला, नव्या तुकड्याची टोकं खरवडली, पुसली, कपलर चढवले. कपलरच्या आत तार असते, वीज दिली की प्लास्टिक वितळून एकजीव होतं. त्यानंतर गार होईस्तोवर कुणी हलवायचं नाही, कितीही घाई असो. रस्ता अडलाय म्हणून वरून फोन येत होते. दादा घड्याळ हातात धरून खड्ड्याच्या काठावर बसून राहिले.

दुपारी १:४५

पाईप जोडला म्हणजे गॅस सोडला, असं नसतं. पुरवठा तुटला तेव्हा कुणाची तरी भाजी गॅसवर होती. ज्योत विझली, माणूस वैतागून निघून गेला, बटण उघडंच राहिलं. आता गॅस सोडला तर तो त्या घरात नुसता वाहील. म्हणून प्रत्येक दारावर थाप. "काकू, शेगडीची बटणं बघू द्या." कुलूपबंद घरांचा पुरवठा बाहेरून बंद करायचा आणि दारावर चिठ्ठी लावायची. चौथ्या मजल्यावर एक बटण खरंच उघडं सापडलं. पाळण्यात बाळ झोपलेलं होतं आणि आई म्हणत होती, मला वाटलं सिलिंडर संपल्यासारखं काहीतरी झालं असेल.

सगळी घरं झाल्यावर पाईपमधली हवा बाहेर काढली, मग गॅस सोडला, मग पुन्हा प्रत्येक दारी ज्योत पाहिली. लिफ्ट बंद होती.

दुपारी ३:३०

कार्यालयात अहवाल. पाईपचा व्यास, दाब, किती मिनिटं गळती चालली, त्यावरून गेलेल्या गॅसचा अंदाज. अहवालात पुढचा रकाना रुपयांचा आहे, ठेकेदाराकडून वसुलीसाठी. हवेत किती मिथेन गेला आणि त्याची तापमानवाढीतली किंमत काय, याला रकाना नाही. मी शेरा म्हणून लिहिते.

गॅसला ‘स्वच्छ इंधन’ म्हणतात, आमच्या गाड्यांवरही ते रंगवलेलं आहे. जाळण्यापुरतं ते बऱ्याच अंशी खरं आहे. तेवढ्याच उष्णतेसाठी कोळशाच्या मानाने सुमारे ४० टक्के कमी कार्बन डायऑक्साइड, राख नाही, गंधक जवळपास नाही. पण विहिरीपासून शेगडीपर्यंतची गळती उत्पादनाच्या ३ टक्क्यांच्या आसपास गेली, तर वीज बनवताना नजीकच्या काळापुरता त्याचा कोळशावरचा फायदा उरत नाही. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये तिथल्या तेल-गॅस उद्योगाची गळती मोजली, ती उत्पादनाच्या २.३ टक्के निघाली, सरकारी आकड्यापेक्षा ६० टक्के जास्त. स्वच्छपणाची पाटी टिकते की नाही, ते अशा एकेका जोडावर ठरतं.

आणि टिकली तरी ती कायमची नाही. कतारशी असलेला गॅसचा मोठा करार फेब्रुवारी २०२४ मध्ये वाढवला, तो आता २०४८ पर्यंत आहे. आज मातीत पुरलेला पाईपही तोवर टिकेल. माझं मत विचाराल तर जिथे चूल आणि कोळसा आहे तिथे गॅस आधी पोचावा, पण ज्या नव्या इमारतीत पहिल्या दिवसापासून विजेची शेगडी चालू शकते तिथे पाईप टाकण्याआधी विचार व्हावा. कंपनीत हे मत फारसं कुणाला आवडत नाही.

दुपारी ४:४५

चहा. दादांना संगमनेरहून भावाचा फोन: खरिपाचा युरिया आला का, रांग किती. फोन ठेवल्यावर मी त्यांना सांगितलं की तो युरियाही गॅसचाच. गॅसमधून हायड्रोजन, त्याला हवेतला नायट्रोजन जोडून अमोनिया, त्यातून युरिया. ट्रॉम्बेला आणि अलिबागजवळ थळला हेच चालतं, आणि देशात गॅसचा सगळ्यात मोठा वापर खतांसाठीच आहे. दादा क्षणभर गप्प झाले. "म्हणजे भावाच्या मक्यातही आपलीच लाइन," ते म्हणाले.

त्यांच्या गावाकडे साखर कारखान्याच्या मळीपासून बायोगॅस करण्याची चर्चा आहे. शुद्ध करून दाबला की तो सीएनजीसारखाच वापरता येतो. २०२५-२६ पासून वितरकांना अशा गॅसचं १ टक्का मिश्रण बंधनकारक झालं, २०२८-२९ पर्यंत ते ५ टक्के व्हायचं आहे. उसाने याच वर्षी हवेतून घेतलेला कार्बन पुन्हा हवेत जातो, जमिनीखालचा नवा वर येत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण रेणू तोच, मिथेनचा. गळला तर तोही तितकाच वाईट.

संध्याकाळी ५:३०

पाळी कधीच संपलेली. वही दुसऱ्या पाळीच्या हाती दिली, वर्तकनगरच्या चेंबरमधलं पाणी उपसायचं राहिलं ते वर लिहिलं.

वाचणाऱ्यांना माझं सांगणं आहे. आज घरी गेल्यावर शेगडीची नळी पाहा, तिच्यावर मुदत छापलेली असते. मीटर कप्प्यात कोंडू नका. सोसायटीत खोदकाम निघालं तर सचिवांना विचारा, गॅस कंपनीला कळवलं का. घरात वास आला तर मीटरजवळचा कॉक बंद करा, दारं-खिडक्या उघडा, विजेचं कुठलंही बटण चालू-बंद करू नका आणि बाहेर जाऊन फोन करा. रस्त्याने जाताना वास आला, तरीही कळवा. आधी कुणीतरी कळवलं असेल असं प्रत्येकाला वाटतं आणि गळती कित्येक दिवस तशीच राहते. आणीबाणीचा नंबर गॅसच्या बिलावर छापलेला आहे, तो आत्ताच मोबाइलमध्ये साठवून ठेवा.